‘चार अध्याय’चें आमुख : साक्ष म्हणून किती ग्राह्य?

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘चार अध्याय’ ही कादंबरी १९३४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीस ‘आभास’ नांवाचें लहानसें आमुख होतें. (बंगालींत या शब्दाचा अर्थ पूर्वसूचना असा आहे, आपल्याकडील भ्रम हा नव्हे.) त्यांत ब्रह्मबांधव उपाध्याय यांच्या अखेरच्या भेटीची हकीकत होती. उपाध्याय अवचित भेटीस आले, कांहीं वेळ बोलत बसले, आणि निघतांना दाराशीं थबकून, आपलें मोठें पतन झालें आहे असें सांगून निघून गेले, असा तिचा मथितार्थ. यावरून बंगालमध्यें मोठें वादंग माजलें, व पुढील आवृत्तींत हें आमुख गाळण्यांत आलें. आमुख गेलें, तरी उपाध्यायांनीं अखेरीस पश्चात्ताप व्यक्त केला ही समजूत मात्र राहिली. आणि तिला आधार एवढाच.

ज्यांच्यावर हा शेरा आला ते सामान्य गृहस्थ नव्हते. १८६१ सालीं जन्मलेले उपाध्याय ख्रिस्ती झाल्यावरही भगवीं वस्त्रें वापरीत व स्वतःस हिंदु म्हणवीत. १९०१ सालीं शांतिनिकेतनची शाळा उभारण्यांत त्यांचा हात होता. पुढें ते ‘संध्या’ पत्राचे संपादक झाले. या पत्राची भाषा अतिशय जहाल असे. १९०७ सालीं त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, आणि तो चालू असतांनाच २७ ऑक्टोबर रोजीं ते कलकत्त्यास रुग्णालयांत वारले.

आतां अस्सल कागद व बखर यांस आपण जी कसोटी लावतों तीच येथें लावूं. भेटीच्या वेळीं तिसरा मनुष्य नव्हता. लेखन सत्तावीस वर्षांनंतरचें. ज्याच्या तोंडीं तें वाक्य आहे तो उत्तर देण्यास हयात नाहीं. शिवाय ऐकलेलें वाक्य एकच आहे. उपाध्याय कर्मजालांत अडकले होते व त्यांस सुटका नव्हती, हें कवीचें अनुमान आहे. पतन कशाचें? संन्यासधर्मापासून, कीं राजकारणाच्या मार्गांत? वाक्य मुकें आहे. उलट, १९०७ सालीं कोर्टापुढें दिलेलें उपाध्यायांचें निवेदन समकालीन आहे. पत्राची सर्व जबाबदारी आपली. परंतु परक्या सत्तेस आपण उत्तर देणें लागत नाहीं, म्हणून खटल्यांत भाग घेणार नाहीं, असा त्याचा आशय. हा पश्चात्तापाचा स्वर नव्हे. कवीनें असत्य लिहिलें असें म्हणण्यास तिळमात्र आधार नाहीं. पण सत्यवक्त्या साक्षीदाराचीही स्मृति जुनी होते, आणि ऐकलेलें व उमगलेलें यांची तींत सरमिसळ होते.

याहून मोठा दोष कालाचा. कादंबरींतील नेता इंद्रनाथ हा युरोपांत राहून आलेला विज्ञानाचा पंडित आहे. त्याचें आणि भगव्या वस्त्रांतील संपादकाचें साम्य शोधूनही सांपडत नाहीं. गुप्त मंडळींत वावरणारी एला ही तर १९०७ सालची नव्हेच. बीना दास यांनीं गव्हर्नरावर गोळी झाडली ती १९३२ च्या फेब्रुवारींत, व प्रीतिलता वद्देदार पहाडतळीस पडल्या त्या त्याच वर्षीं सप्टेंबरांत. एलेचें जग त्या वर्षांचें आहे. मुझफरपूरचा बाँबसुद्धां उपाध्यायांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनीं, ३० एप्रिल १९०८ रोजीं पडला. म्हणजे एका पिढीच्या कृत्यांचें माप आधीच्या पिढींतील मृताच्या पदरीं घातलें गेलें, आणि तें कथेनें नव्हे, तर कथेच्या दारावर लावलेल्या दीड-दोन पानांनीं! कथेचें दोषक्षेत्र कल्पनेचें असतें. आमुखांत लेखक स्वतःच्या नांवानें बोलतो, म्हणून तेथें त्यास कल्पनेची सूट देतां येत नाहीं.

१९३० नंतरच्या बंगालमध्यें एका श्रेष्ठ मनास दहशतीच्या मार्गाविषयीं काय वाटत होतें, याचें ‘चार अध्याय’ हें उत्तम साधन आहे. अतींद्र व एला यांची शोकांतिका त्या दृष्टीनें अवश्य वाचावी. उपाध्यायांच्या चरित्राचें मात्र तें साधन नव्हे.

संग्राहकांस एवढीच विनंती कीं, पहिल्या आवृत्तीची प्रत हातीं आल्यास बांधणी बदलतांना आरंभींचीं पानें जपावीं, आणि सूचींत ‘आभासासह’ अशी नोंद करावी. पुढील आवृत्तीची प्रत तिच्याशेजारींच ठेवावी. कारण जें छापलें तें जसें कागद आहे, तसें जें काढून घेतलें तेंही कागदच आहे.