अडाणचे दोन फोटो

वाशीमच्या एका हौशी छायाचित्रकाराचे दोन फोटो समोर आहेत. एरवी शाळा आणि सुटीच्या दिवशी नदी, असा त्यांचा शिरस्ता. नाव छापायला मात्र त्यांची ना आहे. पहिला फोटो अडाणच्या पाण्याचा, दुसरा तिच्याच काठावरच्या चतुराचा.

पाण्याचा फोटो बघताच तोंडून ‘वा!’ निघते, आणि तिथेच मी जरा सावध होतो. ट्रायपॉड लावून शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले, की कुठलेही वाहते पाणी दुधासारखे दिसते. ढगाळ सकाळ असली तर बघायलाच नको. असल्या धबधब्यांचा मोबाइलवर नुसता सुकाळ आहे. या फोटोला तारते ती त्याची उजवी कड. पाण्यापासून चांगली पुरुषभर उंचीवर बाभळीच्या उघड्या मुळीला खताच्या गोणीची चिंधी अडकली आहे. खाली पाणी धूसर, काळा पाषाण ओला, आणि चिंधीचा धागा न् धागा स्पष्ट. पूर कुठवर चढला होता, ते चिंधीच सांगते. दुसऱ्या कुणी ती कड खुशाल कापून टाकली असती.

तरी माझे मत दुसऱ्या फोटोला. चतुराचे पिल्लू पाण्यात वाढते, डासांच्या अळ्यांवर ताव मारते. पुरते वाढले की एखाद्या पात्यावर चढते, पाठ उकलते आणि पंखांचा चतुर बाहेर पडतो. इथे तो नुकताच निघाला आहे. आपल्याच कातीला धरून लोंबतोय. पंख मिटलेले, अजून पाणी न उतरलेले. इतक्या जवळून फार तर दोन-तीन मिलिमीटर भाग रेखीव येतो, म्हणून किड्याचा डोळा टिपायचा असा मॅक्रोवाल्यांचा दंडक. यांनी तो मोडला. डोळा पुसट ठेवून फोकस धरलाय कातीच्या चिरेवर. तिथून पांढरे बारीक दोरे बाहेर आलेत. ती जुन्या श्वासनलिकांची अस्तरे. कातीबरोबर तीही सुटून येतात. हे ठाऊक असलेल्या माणसानेच फोकस तिथे नेला असणार.

लव्हाळ्यावर असा चतुर दिसला, तर फोटोसाठी पाते वाकवू नका, फुंकरही मारू नका. पंख वाळण्याआधी तो खाली पडला, तर पुढे त्याला धड उडता येत नाही.