कोयता नावाचे एकवचन

दलित साहित्याच्या समीक्षेत भुकेवर पुष्कळ लिहून झाले आहे. वेदना, नकार, विद्रोह ही तिची परवलीची त्रयी आहे आणि ती खोटी नाही. पण भूक हा अनुभव आहे, मजुरी हा व्यवहार आहे. भुकेला दुसरी बाजू लागत नाही, मजुरीला लागते. देणारा कोण, घेणारा कोण, दर कोणी ठरवला, ठरवताना आपला माणूस खोलीत होता की बाहेर चपलांपाशी, हे विचारल्याशिवाय मजुरीचे वाक्य पुरे होत नाही. आमच्या समीक्षेने हे प्रश्न अर्थशास्त्राच्या खात्यावर टाकले, अर्थशास्त्राने ते कामगार चळवळीच्या खात्यावर टाकले, आणि या खातेबदलात जात तेवढी कुठेच नोंदली गेली नाही.

दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले. त्या नावाची चर्चा आपण अपमानाच्या अंगाने केली, व्यवहाराच्या अंगाने केली नाही. बलुते हा हक्क म्हणून सांगितला जाई, पण तो मोजून मागता येत नसे. काम किती, याला सीमा नव्हती. दाम किती, हे खळ्यावर मालकाच्या ओंजळीवर ठरे. बाबासाहेबांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची सोय करावी, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. अस्पृश्यतेचा प्रश्न वेगळा आणि मजुरीचा वेगळा, असे अजूनही व्याख्यानातून सांगणाऱ्या विद्वानांनी ते विधेयक काढून वाचावे. ओंजळीच्या जागी नाणे मागणे हीच मुळात वाटाघाटीची पहिली पायरी होती.

त्याच १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला. गिरणीत जास्त कमाई साचेखात्यात, आणि साचेखाते अस्पृश्यांना बंद. कारण सगळ्यांना ठाऊक होते: कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण साचेवाल्याला चालत नसे. हा नियम मालकाने लिहिलेला नव्हता. बाबासाहेबांनी आग्रह धरला तेव्हा ही मागणी संपाच्या मागण्यांत कशीबशी घालण्यात आली. आणि ती समोर ठेवल्यावर मालकांनी शांतपणे सांगितले की हा अन्याय असेल तर तो आमच्याकडून झालेला नाही. सामुदायिक सौद्याच्या इतिहासात यापेक्षा बोचरे उत्तर मला आठवत नाही. ‘सामुदायिक’ म्हणवणाऱ्या बाजूला समुदायच नव्हता, हे पलीकडच्या बाजूने दाखवून दिले.

जातीचा विषय काढला की युनियन फुटते, असे आमचे डावे मित्र म्हणतात. ती आधीच धोट्यापाशी फुटलेली होती, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य भिंतीवर लिहायला सोपे म्हणून सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणात रेल्वेतल्या पोर्टरचा दाखला आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे, म्हणून अस्पृश्याला पोर्टर करीत नसत. घरातली शिवाशिव पगारपत्रकापर्यंत कशी जाते, हे त्या एका दाखल्यात आहे. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा नायक रेल्वेच्याच नोकरीवर परगावी जातो. त्या कथेतल्या माराचे वर्णन आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण जात चोरावी लागलेला माणूस उद्या युनियनच्या सभेत वेतनवाढीसाठी हात वर करील तेव्हा त्याच्या शेजारी कोण उभे राहील, हा कथेच्या पोटातला प्रश्न मी स्वतः अनेक वर्षे शिकवला नाही. परीक्षेत येत नाही, हे माझे समर्थन होते.

पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या काळात सरकार, मालक आणि मजूर यांच्या त्रिपक्षीय परिषदा भरू लागल्या. युनियनला मालकाने सक्तीने मान्यता द्यावी असे विधेयक १९४३ मध्ये आले. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये आले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. वेतन ठरविणाऱ्या समितीत मालक आणि मजूर यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, असे त्या कायद्यात होते. खुर्च्या मोजून ठेवल्या होत्या. त्यांवर कोण बसले, हे पाहण्याचे काम आपले होते. १९५६ नंतर आपण ते किती केले? राखीव जागेवर नोकरी लागलेला माझ्यासारखा माणूस पगारवाढीसाठी प्राध्यापकांच्या संघटनेत जातो, मोर्चात घोषणा देतो, आणि संध्याकाळी दलित अस्मितेवर व्याख्यान देतो. या दोन्हींच्या मध्ये त्याचे आईबाप उसाच्या फडात उभे असतात.

मी फडावरचाच आहे. दिवाळी झाली की गाडी भरायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे, असे माझे लहानपण गेले. म्हणून करारांत मला ऊसतोडीचा करार सर्वांत जवळचा वाटतो, आणि साहित्याचा शिक्षक म्हणून मी तो कवितेसारखा शब्दाशब्दाने वाचतो.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. संघटनांनी लढून मिळवलेली ही वाढ आहे, तिला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, त्यामुळे हंगामात कोयता बंद पडणे कारखान्याला परवडत नाही. मजुराची खरी ताकद तिथे आहे. मात्र हंगाम सुरू होण्याआधीच त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. सौदा वर सामुदायिक, कर्ज खाली एकेकट्याचे. संपाच्या दिवशी घोषणा देणाऱ्याच्या मागे उचल उभी असते आणि ती पुढाऱ्याला नव्हे, त्यालाच ओळखते.

आता शब्द पाहू. फडात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. हत्याराने माणसाची जागा घ्यावी ही अलंकारशास्त्रातली लक्षणा झाली. पण इथे ती हिशेबाची वही आहे. जोडीने दिवसभर राबून दोन टन तोडले तर ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. तोडणारा एक, मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत चढवणारी दुसरी, आणि मजुरीच्या व्याकरणात दोघांचे मिळून एकवचन. ते एकवचन पुल्लिंगी आहे. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फिटते दोघांच्या अंगातून.

शिवाय कारखान्याच्या हजेरीपटावर यांतले कोणीच नाही. मुकादम मध्ये आहे, त्यामुळे मालक कोण हेच सिद्ध करावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकापेक्षा अधिक संघटना असतील तिथे वाटाघाटीसाठी एकमेव संघटना म्हणून मान्यता हवी असेल तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असावा लागतो. ज्याचे नाव पटावर नाही त्याचे टक्के कसे काढायचे? सामाजिक संवाद हा शब्द हल्ली परिसंवादांतून फार ऐकू येतो. संवादाला आधी नाव लागते.

वाढीची बातमी मी आईला वाचून दाखवली होती. तिने विचारले, “ते तुझ्या बापाला वाढलं का मला?” मी टक्केवारी समजावू लागलो. ती चुलीकडे वळली.

यंदा माझ्या वर्गातल्या चौघांना मी निबंधाऐवजी मुकादमाच्या वहीतली पाने उतरवून आणायला सांगितले. तिघांना वही बघायलाच मिळाली नाही. चौथ्याने एक पान आणले: कोयता क्रमांक, उचल, टन, वजावट, बाकी. नावाचा रकाना एकच होता आणि त्यात त्याच्या वडिलांचे नाव होते. त्याने पेन्सिलीने शेजारी दुसरा रकाना आखला आहे आणि त्यात आईचे नाव लिहिले आहे. पुढच्या कराराच्या मागण्या तयार होतील तेव्हा ते पान संघटनेकडे पाठवायचे आम्ही ठरवले आहे.