जाते, दासी आणि देव : मराठी संत कवयित्रींचा समाज

शनवाऱ्यातील मराठी वाचकाला संत मुक्ताबाई परकी नाही. बऱ्हाणपूरची तापी पुढे चांगदेव येथे पूर्णेला भेटते आणि त्याच परिसरात, एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगर तालुक्यात, तिची समाधी मानली जाते. मात्र संत कवयित्रींच्या काव्यातून तत्कालीन समाज शोधायचा झाल्यास जनाबाईकडे वळावे लागते. मुक्ताबाई ज्ञानदेवांची बहीण; जनाबाई नामदेवांच्या घरची दासी.

जनाबाईच्या अभंगांत दळण, कांडण, झाडलोट येते आणि विठ्ठल त्या कामांना हात लावतो. समीक्षक हे प्रसंग बहुधा देवाच्या भक्तवत्सलतेचे दाखले समजून मोकळे होतात. हे वाचन अपुरे आहे. राबणाऱ्या बाईच्या मदतीला घरातले माणूस येत नाही, तेथेच देवाला जात्यावर बसावे लागते.

या संदर्भात दक्खिनीतील चक्कीनाम्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या ग्रंथात या रचनांकडे लक्ष वेधले. सूफींच्या परंपरेत रचलेली ही गीते स्त्रिया दळताना म्हणत. त्यांत जात्याच्या भागांना आध्यात्मिक अर्थ दिलेला असतो. हेतू उदात्तच, परंतु तेथे बोलणारा उपदेशक आहे आणि दळणारी शिष्या आहे. जनाबाईचे जाते रूपक होण्याआधी जाते असते, कारण खुंटा तिच्याच हातात आहे. जनीच्या नाममुद्रेचे सर्व अभंग एकाच व्यक्तीचे नसावेत, हा आक्षेप रास्त आहे. पण नंतरच्या बायकांनी आपली पदे तिच्या नावावर घातली असतील, तर सामाजिक पुरावा म्हणून त्यांचे मोल वाढतेच.

चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई विटाळाचा प्रश्न थेट देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेते. ब्राह्मण घरातील बहिणाबाईची (१६२८–१७००) कोंडी वेगळी. तिने तुकारामांना गुरू मानले. ब्राह्मणेतर गुरू पतीला रुचला नाही आणि तिला मार सोसावा लागला. तरीही तिने पतिव्रताधर्मावर लिहिले, म्हणून काही अभ्यासक तिला परंपरेची शरणागत ठरवतात. हा निवाडा घाईचा वाटतो. दासी जनीला नवऱ्याचे घर सांभाळायचे नव्हते; बहिणाबाईला त्याच घरात राहून तुकारामांचे नाव घ्यायचे होते. पतिव्रतेची स्तुती आणि पतीच्या माराची नोंद, दोन्ही तिच्या गाथेत तिने राहू दिली आहेत.