हगाम्यातली गर्दनखेच

नगरकडच्या गावांत जत्रेचा छबिना, तमाशा आटोपला की हगाम्याची, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांची, वेळ होते. हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या उरकतात आणि मोठी जोड आखाड्यात उतरते. सलामी झडते. त्यानंतरची काही मिनिटं मात्र प्रेक्षकांच्या लेखी वाया जातात. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून, कपाळाला कपाळ भिडवून नुसते रेटत असतात. "आरं, कुस्ती कर की!" अशी कुठून तरी हाळी येते. मला मात्र सगळ्या कुस्तीत हीच मिनिटं बघायला आवडतात. ढाक, टांग, कलाजंग या डावांना टाळ्या पडतात खऱ्या, पण त्यांचा निकाल बहुतेकदा या गर्दनखेचीत लागून गेलेला असतो.

बघायचं ते हाताकडे. मुरलेल्या पैलवानाचा पंजा मानेच्या मागच्या बाजूला, केस संपतात तिथे बसतो. बोटं जुळलेली, अंगठाही त्यांच्याच रांगेत. कोपर पुढे, समोरच्याच्या छातीला टेकलेलं. ओढ मनगटाची नसतेच. पैलवान आपलं अंगच त्या कोपरावर सोडतो, आणि समोरच्याच्या मानेला अख्ख्या माणसाचं वजन लोंबकळतं. मान खाली गेली की तोल सावरायला पाय पुढे टाकावा लागतो. पुढे आलेला पाय म्हणजे पाय धरायच्या डावाला, पटाला, आयतं आमंत्रण. मानेवर हात ठेवून जाणकार पैलवान पायांची चौकशी करत असतो, ती अशी.

मानेवरून हात नरड्यावर गेला की पंच मध्ये पडलाच. कुस्तीत गळा दाबायला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत तर दोन्ही हातांनी नुसतं डोकं आवळणंही चालत नाही, त्या विळख्यात समोरच्याचा एक हात असावाच लागतो. ज्युदोत उलट कॉलर धरून गळा आवळणं हा रीतसर डाव आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो, म्हणून त्याआधी हात आपटून हार मानायची सोय ठेवलेली असते. मला आपली कुस्तीची बंदी जास्त मोलाची वाटते. गळा वर्ज्य केल्यामुळेच मानेची एवढी कारागिरी निपजली.

मानेवरच्या पकडीतून सोडवणुकीची तऱ्हा त्याहून देखणी. नवशिका घाबरून मान मागे खेचतो आणि समोरच्याने तेवढ्यात रेटा दिला की पाठीवर जातो. जाणता हनुवटी छातीशी घेतो, खांदे कानांपर्यंत चढवतो आणि मागे सरायच्या ऐवजी अर्धं पाऊल आत येतो. मग त्याचा हात मानेवरच्या पंजाशी झटत बसत नाही, तो कोपराखाली जातो. मानेवर हात टाकणाऱ्याची काख उघडी पडते, ही या पकडीची मेख. कोपर वर उचललं, डोकं काखेखालून काढलं की तुम्ही थेट त्याच्या पाठीवर. किंवा तोच हात धरून खाली बसलात आणि त्याला खांद्यावर घेतलंत, तर झाली कलाजंग. पकडणाऱ्याने पकड घट्ट ठेवली, तर तो आपणहून खांद्यावर चढतो!

मराठी माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी गळामिठी १० नोव्हेंबर १६५९ ची, प्रतापगडाच्या पायथ्याची. सभासदाच्या बखरीत अफजलखान शिवाजी महाराजांची मान काखेत दाबतो आणि कट्यारीचा वार करतो. अंगातल्या चिलखतामुळे तो वार फुकट जातो. वाघनखं आणि चिलखत यांवर आपण खूप बोलतो. आखाड्याच्या नजरेने पाहिलं तर खानाने मान काखेत धरली त्याच क्षणी त्याची कूस उघडी पडली होती, आणि महाराज मागे सुटायला न बघता तिथेच आत राहिले.

नगर जिल्ह्यातल्या पैलवानांत अलीकडचं नाव घ्यायचं तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या हर्षवर्धन सदगीरचं. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत शैलेश शेळकेला ३-२ असं हरवून तो महाराष्ट्र केसरी झाला. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, आणि काका स्वतः ग्रीको-रोमनचे. त्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, म्हणजे पट नाही, टांग नाही. सगळा संसार मान, दंड आणि छातीवर. एकाच तालमीत मान कमावलेले दोघे समोरासमोर आले की गुण असे मोजकेच निघणार.

मान धरणाऱ्याचं अंग उघडं पडतं, हे रेवड्यांच्या कुस्त्यांतही दिसतं. आठ-दहा वर्षांची पोरं सलामी होताच एकमेकांच्या गळ्यालाच पडतात, दोन्ही हातांनी. लोक हसतात. पण त्यात एखादं पोरगं असं निघतं की गळ्यातली मिठी तशीच राहू देऊन खाली बसतं आणि दोन्ही पाय कवळतं. कडेला बसलेले मोडक्या कानांचे म्हातारे त्या पोराचं गाव विचारतात.

मॅटवर गर्दनखेच बघायचं सुख कमी झालंय. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. त्यात नुसती गर्दनखेच दिसली की पंच निष्क्रियतेची ताकीद देतो, मग तीस सेकंदांचं घड्याळ लागतं, तेवढ्यात गुण न मिळवल्यास समोरच्याला एक गुण. टीव्हीसाठी ठीक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत नगरच्याच वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरीचा किताब ठरला, तेव्हा पंचांच्या निकालावरून झालेला राडाच सगळ्यांच्या लक्षात राहिला. पृथ्वीराज मोहोळ जिंकला, पण त्याचा हात समोरच्याच्या मानेवर कसा बसत होता, यावर कुणाला बोलताना ऐकलं नाही.