काटा कुणाच्या अंगणात? केबलच्या पैशांचा वाद आणि सातारा-सांगलीचा प्रेक्षक

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात ‘काटामारी’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माल शेतकऱ्याचा, काटा कारखान्याच्या आवारात. म्हणून बाहेरच्या काट्यावर वजन करून घेण्याचा आग्रह धरला जातो. दराचे भांडण नंतरचे, आधी वजनावरचा विश्वास. केबलचालक आणि वाहिन्यांचे मालक यांच्यातला पैशांचा वाद याच नजरेने पाहिला, तर त्यातली गोम हाती लागते. वरवर तो दराचा दिसतो. मुळात तो मोजणीतून सुरू झाला.

केबलची तार थेट टीव्हीला जोडली जाई, त्या काळात गल्लीत किती जोडण्या आहेत हे फक्त स्थानिक केबलचालकाला ठाऊक असे. वाहिनीचे पैसे जोडणीमागे द्यायचे, म्हणून तो आकडा कमी सांगे; वाहिनी वाढवून मागे; मध्ये कुठेतरी तडजोड होई. इथेही काटा पैसे देणाऱ्याच्याच अंगणात होता. जानेवारी २००४ मध्ये केबलचा विषय ‘ट्राय’च्या अखत्यारीत आला आणि असे तंटे दिल्लीतल्या ‘टीडीसॅट’ या न्यायाधिकरणापुढे जाऊ लागले.

सेट टॉप बॉक्स हा त्यावरचा उपाय. तिसऱ्या टप्प्यातल्या शहरांना, म्हणजे सातारा आणि सांगलीलाही, ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती. प्रत्येक बॉक्सची नोंद होऊ लागली, पुढे वितरकाच्या यंत्रणेचे वार्षिक लेखापरीक्षणही आले. काटा उघड्यावर आल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. संख्येवरून उठून पॅकवर जाऊन बसला.

१ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर झाली. पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीचे तेव्हा कमाल १३० रुपये होते, कर वेगळा. दुसरा करार नसेल, तर त्यातले ५८.५० रुपये स्थानिक केबलचालकाचे आणि ७१.५० मोठ्या वितरकाचे. १९ रुपयांच्या वाहिनीत वितरणाचा किमान वाटा २० टक्के, म्हणजे ३.८० रुपये, त्यातून गल्लीतल्या केबलचालकाच्या हाती १.७१ रुपये. वसुलीला दारात उभा राहणारा, तुटलेली तार जोडणारा आणि वाहिनी गेली की बोलणी खाणारा मात्र तोच.

त्या वेळी ‘झी मराठी’ची किंमत १९ रुपये होती, पॅकमध्ये घालता येणाऱ्या वाहिनीसाठी तीच कमाल मर्यादा. साताऱ्याच्या मातीतली, फौजीची गोष्ट सांगणारी ‘लागिरं झालं जी’ तेव्हा त्याच वाहिनीवर चालू होती. आपलीच बोली साताऱ्याने दाम मोजून ऐकली, यात गैर काही नाही. सांगलीत १८४३ मध्ये संस्थानिकांच्या आश्रयाने उभे राहिलेले विष्णुदास भाव्यांचे नाटकही आश्रय सुटल्यावर तिकिटावर जगले. पण भाव्यांचे तिकीट एका खेळाचे होते. पॅकमध्ये एका खेळासाठी दहा मंडपांचे तिकीट घ्यावे लागते. सुटी वाहिनी घेण्याची मुभा कागदावर आहे. पण हिशेब असा की सुट्या चार वाहिन्यांपेक्षा अख्खा पॅक बरा वाटावा. निवड दिली असे म्हणायचे आणि ती महाग करून ठेवायची, हा त्या व्यवस्थेतला मुख्य दोष.

२०२० मध्ये ‘ट्राय’ने ही मर्यादा १२ रुपयांवर आणली, वाहिन्या न्यायालयात गेल्या, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा १९ झाली. नवे करार करायला ‘ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन’च्या सभासदांनी नकार दिला, तेव्हा १८ फेब्रुवारी २०२३ रोजी स्टार, झी आणि सोनी यांनी त्यांचे प्रक्षेपण तोडले. साडेचार कोटी घरे अंधारात गेल्याचा दावा फेडरेशनने केला. काही दिवसांतच करार झाले आणि पडदे उजळले. दोन्ही बाजू ग्राहकाच्या नावाने बोलत होत्या. करारावर सही करणाऱ्यांत ग्राहक मात्र कुठेच नव्हता.

ऊस उत्पादकाला निदान संघटना आहे, तो रस्ता अडवू शकतो. प्रेक्षकाच्या हाती एकच शस्त्र: तार काढून टाकणे. तो फ्री डिशकडे किंवा मोबाइलकडे वळतो. त्या तारेबरोबर गावची मिरवणूक, पालिकेची सभा आणि पाणी कधी येणार हे सांगणारी स्थानिक केबल वाहिनीही जाते. तिची किंमत कोणत्याच पॅकमध्ये धरलेली नाही, म्हणून तिचे नुकसान कोणत्याच काट्यावर उमटत नाही.