आज्ञा कोणाची, कृत्य कोणाचे? : ‘भाऊबंदकी’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ यांतील सत्ताविचार

सत्तेने मनुष्य बिघडतो, हे मत आज इतके सर्वतोमुखी झाले आहे की, त्यास पुरावा देण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. ज्या इंग्रज इतिहासकाराच्या नावावर हे मत चालते, त्या लॉर्ड ॲक्टनने मात्र ते एवढ्या सरसकटपणे मांडलेले नाही. १८८७ साली मॅन्डेल क्रायटन या इतिहासकारास लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले ते इतकेच की, सत्तेचा कल माणसास भ्रष्ट करण्याकडे असतो. पूर्ण भ्रष्टतेची गोष्ट त्याने केली ती निरंकुश सत्तेविषयी. पुनरुक्तीच्या ओघात यातील ‘कल’ गळून गेला आणि उरला तो सिद्धान्त. त्याहून महत्त्वाचे असे की, या पत्राचा मूळ विषय मानवी स्वभाव हा नसून न्याय हा आहे. पोप व राजे यांच्या अपराधांकडे इतिहासकाराने सौम्य दृष्टीने पाहावे काय, हा त्यातील वाद होय. ज्याने हत्येची आज्ञा दिली तो मोठ्या पदावर होता म्हणून त्याचा अपराध लहान होत नाही, असे ॲक्टनचे प्रतिपादन आहे. सत्ता माणसाचे काय करते, या प्रश्नास जोडूनच सत्ताधाऱ्याच्या कृत्याचा हिशेब कोणी व कसा मांडावयाचा, हा दुसरा प्रश्न त्याने उभा केला होता.

हा दुसरा प्रश्न मराठी नाटकाला अपरिचित नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) आणि विजय तेंडुलकर यांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) ही दोन नाटके या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगी आहेत. दोन्हींचे स्थळ पेशवाईतील पुणे हेच. पहिल्याच्या मुळाशी ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा वध आहे. दुसऱ्याच्या मुळाशी ऑगस्ट १७९१ मध्ये कोतवालाच्या कोठडीत गुदमरून झालेले ब्राह्मणांचे मृत्यू आणि त्यानंतर जमावाने कोतवालाचा घेतलेला बळी आहे. दोन घटनांत अंतर अवघे अठरा वर्षांचे, तर दोन नाटकांत त्रेसष्ट वर्षांचे. एक नाटक शेक्सपिअरच्या शोकात्मिकेकडे पाहत लिहिलेले, तर दुसरे दशावतार, खेळे, कीर्तन, तमाशा यांच्या आविष्कारपद्धतींतून घडलेले. रचनेत इतका भेद असूनही दोहोंच्या अंतर्यामी एकच शंका वावरते, असे दाखविता येते.

प्रथम घटनांचा क्रम ध्यानात घ्यावयास हवा. सत्ता हाती येते आणि मग मनुष्य भ्रष्ट होतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दोन्ही नाटकांत हा क्रम उलटा आहे. राघोबादादांना पेशवाईची वस्त्रे मिळतात ती पुतण्याच्या वधानंतर. म्हणजे जे अत्यंत हीन कृत्य, ते सत्तेचे फळ नसून सत्तेचे मोल आहे. घाशीरामाचेही तसेच. दक्षिणेच्या गर्दीत चोरीचा खोटा आळ येऊन तो मार खातो, तुरुंगात पडतो, शहराबाहेर घालविला जातो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. मग पोटची मुलगी गौरी नानांपुढे करून तो कोतवाली मिळवितो. पागोटे डोक्यावर चढण्यापूर्वीच त्याचा अधःपात पुरा झालेला आहे. तेव्हा सत्तेने या दोघांना बिघडविले, असे म्हणणे कथानकाला धरून होणार नाही. दोघांनी आपले माणूसपण आधीच गहाण टाकले. सत्ता ही त्या गहाणखतावर मिळालेली रक्कम होय.

येथे ‘अधिकार’ या शब्दाचा विचार उद्बोधक ठरतो. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक हुकमत हा, आणि दुसरा पात्रता हा. परमार्थविचारात ‘अधिकारी पुरुष’ म्हणजे ज्याची योग्यता झाली आहे असा पुरुष. कचेरीतला अधिकारी म्हणजे ज्याच्या सहीने काम होते तो. भाषेने हे दोन अर्थ एका शब्दात नांदविले, त्यात पात्रतेमागून हुकमत यावी अशी अपेक्षा सूचित होते. खाडिलकर व तेंडुलकर यांनी रंगविलेले जग हे या दोन अर्थांची फारकत झालेले जग आहे. राघोबांजवळ पराक्रम आहे, उत्तरेतील मोहिमांचा लौकिक आहे, परंतु निश्चयाचा अभाव आहे. घाशीरामाजवळ पात्रतेचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची नेमणूक करणाऱ्याला पात्र मनुष्य नकोच आहे.

मग सत्ता प्रत्यक्षात काय करते? याचे उत्तर ‘ध’चा ‘मा’ या सर्वपरिचित कथेत दडलेले आहे. ‘धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर पालटून ‘मारावे’ झाले, ही दंतकथा ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. परंतु नाट्यवस्तू म्हणून तिचे सामर्थ्य असामान्य आहे. आज्ञा देणारा एक, अक्षर पालटणारी दुसरी आणि तलवार चालविणारे गारदी तिसरे. वध झाला खरा, पण तो कोणी केला असे विचारताच प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येते. सामान्य माणसाला ही सोय नसते. त्याचे पाप त्याच्याच हाताने घडते व त्याच हाताला चिकटून राहते. सत्ताधाऱ्याच्या इच्छेला मात्र दुसऱ्यांचे हात लाभतात, आणि इच्छा व कृत्य यांमध्ये जेवढे हात अधिक, तेवढे त्याचे मन निर्धास्त होते. सत्तेचा जो ‘कल’ म्हणावयाचा, तो हाच. ती माणसात नवा दुर्गुण घालीत नाही. असलेल्या दुर्गुणाचा हिशेब परस्पर दुसऱ्याच्या खाती घालण्याची सवड देते.

‘भाऊबंदकी’तील रामशास्त्री प्रभुणे यांचे महत्त्व या संदर्भातच नीट उमगते. रामशास्त्री म्हणजे निःस्पृहतेचा पुतळा, असे त्यांचे वर्णन परंपरेने केले जाते. ते खोटे नाही. पण नाटकातील त्यांचे कार्य त्याहून अधिक नेमके आहे. राघोबांनी वधाचे प्रायश्चित्त विचारावे आणि शास्त्र्यांनी देहान्त सांगावे, या प्रसंगाचे सार शिक्षेच्या कठोरतेत नाही. ते आहे, शिक्षा कोणाला सांगितली यात. गारद्यांना दोषी ठरवून प्रकरण मिटविणे सोपे होते. शास्त्री मधले सर्व हात बाजूला सारतात आणि आज्ञा व कृत्य यांतील अंतर एका वाक्याने नाहीसे करतात. राज्याच्या धन्याचे कृत्य त्याच्या खाती परत लिहिले जाते. त्यानंतर ते पद सोडून पुण्याबाहेर पडतात. ज्याला सत्ता सोडता येते त्याच्यावर तिचा कल चालत नाही, हे येथे कृतीने सिद्ध होते.

‘घाशीराम कोतवाल’मध्ये रामशास्त्री नाहीत. त्यांच्या जागी आहे ती माणसांची भिंत. ओळीने उभे राहून डोलणारे, गाणारे, क्षणात पाठ फिरविणारे पुण्याचे ब्राह्मण या नाटकात पडद्याचे काम करतात. प्रयोगाच्या दृष्टीने या योजनेची पुष्कळ वाखाणणी झाली आहे. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत व कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांनी ती योजना अविस्मरणीय केली. परंतु ही भिंत नाट्यार्थाचाही गाभा आहे. पाहणारा आणि घडणारे कृत्य यांमध्ये जे अंतर सत्तेला हवे असते, ते येथे माणसांच्या देहांनी बनलेले दिसते. भिंतीतील प्रत्येक जण काही पाहतो, काही झाकतो, आणि गाणे चालू ठेवतो. ‘भाऊबंदकी’त जे अंतर एका अक्षराचे होते, ते येथे एका समाजाएवढे रुंद झाले आहे.

या अंतराचा सर्वांत जाणता उपयोग नाना करतात. घाशीरामाला कोतवाल करताना त्यांच्या मनातील हिशेब तेंडुलकरांनी उघड करून दाखविला आहे : या परक्या माणसाला शहरात आधार नाही, म्हणून तो धाकात राहील, आणि यापुढे जी पापे होतील ती, मग ती कोणाचीही असोत, त्याच्या नावावर जमा होतील. नाटकातील नाना सत्तेने बदललेले दिसत नाहीत. आरंभी जसे, अखेरीसही तसेच. बदलण्याची गरज पडावी असा प्रश्न त्यांना कोणी विचारीतच नाही. घाशीरामाच्या मृत्यूच्या आज्ञेवर त्यांची सही होते, नगरीत उत्सव जाहीर होतो आणि खाते बंद केले जाते. जमाव हाताला ठेचून मारतो. ज्याचा तो हात होता, तो निर्दोष उरतो.

यातील मोठा विपर्यास घाशीरामाच्या अखेरीत आहे. गौरी मरण पावल्यावर अवघ्या पुण्यावर हुकमत चालविणाऱ्या कोतवालाला एका मनुष्यास जाब विचारता येत नाही. धर्म आणि नियती यांच्या चार शब्दांनी नाना त्याची समजूत घालतात. तेथून त्याचे क्रौर्य बेभान होते, कारण जो सूड वर नेता येत नाही तो खाली उतरतो. परंतु जमावापुढे उभा राहिल्यावर हाच मनुष्य आपल्या मुलीच्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेतो आणि तिच्यासाठी शिक्षा मागतो. संपूर्ण नाटकात आपले पाप आपल्या खाती लिहून घेणारा हा एकमेव होय. त्याने केलेल्या अत्याचारांचे यामुळे परिमार्जन होत नाही. मात्र ज्याचा अधःपात निर्विवाद आहे त्याच्याच तोंडी हिशेबाची भाषा यावी, आणि जे प्रतिष्ठित आहेत त्यांच्या तोंडी ती येऊ नये, यात तेंडुलकरांचा खरा अभियोग आहे.

रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश असता तर घाशीराम निपजला नसता, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होईल. इतिहास त्याला आधार देत नाही. रामशास्त्री कारभाऱ्यांच्या राजवटीत पुन्हा न्यायासनावर आले होते. ते १७८९ मध्ये वारले. घाशीरामाच्या कोतवालीची काही वर्षे त्यांच्या हयातीतच गेली. एका पुरुषाच्या निःस्पृहतेने एका खटल्याचा हिशेब चोख होऊ शकतो. रोजच्या रात्री रस्त्यावर चालणाऱ्या जुलमाचा होत नाही. त्यासाठी भिंतीतील कोणीतरी डोलणे थांबवावे लागते. खाडिलकरांनी न्यायाचा प्रश्न एका थोर व्यक्तीच्या धैर्यावर सोपविला. तेंडुलकरांनी ती व्यक्ती काढून घेतली आणि प्रश्न प्रेक्षकांवर सोपविला. दुसरी मांडणी अधिक अस्वस्थ करणारी आहे, आणि सत्तेच्या व्यवहाराला अधिक धरून आहे.

तथापि दोन्ही नाटके आपल्याच कसोटीस सर्वत्र उतरतात असे नाही. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईंवर लेडी मॅक्बेथची छाया असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु महत्त्वाकांक्षेचा सगळा दाह पत्नीच्या ठिकाणी एकवटल्याने राघोबांच्या दोषाचा मोठा भाग तिच्या खाती वळता होतो. रामशास्त्री जे करण्यास नकार देतात, तेच नाटककार नकळत करून बसतो. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ज्या मुलीच्या देहावर सगळा सौदा उभा आहे, त्या गौरीला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. बापाच्या अखेरच्या शब्दांतही ती आहे ती त्याच्या अपराधाचे निमित्त म्हणून. शिवाय भिंतीची लय इतकी मोहक आहे की, प्रेक्षक तिच्याकडे पाहता पाहता तिच्यात सामील होण्याचा धोका असतो. हा धोका लेखकाला अभिप्रेत होता, असे म्हणता येईल. परंतु प्रत्येक प्रयोगात तो प्रेक्षकाच्या ध्यानी येतो, असे म्हणता येणार नाही.

या नाटकावर उठलेले वादळ प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबविले. पुढे त्यातील कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी स्थापून १९७४ मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आणले. आक्षेपाचा मुख्य मुद्दा नाना फडणविसांच्या बदनामीचा होता. नाटक ऐतिहासिक नाही, ही तेंडुलकरांची भूमिका होती. आणि बारभाईंच्या कारस्थानापासून १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईपर्यंत मराठी राज्य सावरून धरण्यात इतिहासातील नानांचा वाटा मोठा आहे, हेही निर्विवाद आहे. नाटकातील नानांवरून इतिहासातील नानांचा न्याय करणे गैरच होय. परंतु कर्तृत्व मोठे म्हणून प्रश्नच विचारू नये, असे जेव्हा सुचविले जाते, तेव्हा वाद इतिहासाचा राहत नाही. क्रायटनला लिहिताना ॲक्टनने ज्या सवलतीस हरकत घेतली, तीच सवलत येथे मागितली जात असते.

सत्ता भ्रष्ट करते काय, या प्रश्नाला ही दोन नाटके ‘होय’ असे सरळ उत्तर देत नाहीत, ही त्यांची मर्यादा नसून त्यांचे बळ आहे. ‘सत्तेनेच बिघडविले’ हे वाक्य वरवर कठोर दिसले तरी त्यात एक माफी लपलेली आहे : दोष पदाचा ठरतो आणि मनुष्य मोकळा सुटतो; भिंत तर केव्हाच मोकळी असते. खाडिलकर व तेंडुलकर यांनी ही माफी नाकारली आहे. आज्ञा कोणाची होती आणि ती पार पडत असता मध्ये कोण उभे होते, ही चौकशी त्यांनी सोडलेली नाही. १७७३ मध्ये ती एका न्यायाधीशाने केली. १७९१ मध्ये ती कोणी केली नाही आणि तिच्या जागी दगड आले. दोन्ही वेळा एका मनुष्याला देहान्तच सांगितला गेला. परंतु पहिल्या वेळी तो न्याय होता आणि दुसऱ्या वेळी न्याय टाळण्याची ती युक्ती होती.