टेलरची ‘सीता’ आणि पामरांचे घर

धाराशिव जिल्ह्याचा आणि इंग्रजी कादंबरीचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि नळदुर्गचा किल्ला आणि तुळजापूरचे भवानीचे देवालय ज्या मुलखात आहेत, त्या मुलखाचा कारभार एका इंग्रज कादंबरीकाराने काही वर्षे पाहिला होता. फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि पश्चिमेकडील नळदुर्ग-धाराशिवचा प्रांत कंपनीच्या हवाली केला, तेव्हा या पश्चिम भागाचा अधिकारी म्हणून टेलर नळदुर्गास आला आणि १८५७ त वऱ्हाडात बदली होईपर्यंत तेथे राहिला. त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची विधवा मुलगी असून, अफझलखानाच्या स्वारीचे दिवस हा तिचा काळ आहे. ज्या गावी आपण नवस फेडावयास जातो, त्या गावच्या आळ्या आणि पुजाऱ्यांची घरे एका परकीयाने इतक्या आस्थेने रंगवावी, याचे मराठी वाचकास कौतुक वाटावे हे स्वाभाविकच आहे. आम्हांसही ते वाटते.

परंतु आज आम्हांस ‘तारे’विषयी लिहावयाचे नाही. टेलरने शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या योजिल्या होत्या. १६५७ च्या सुमाराची ‘तारा’, १७५७ ची ‘राल्फ डार्नेल’ आणि १८५७ ची ‘सीता’ अशा त्या तीन होत. यांपैकी १८७२ साली निघालेल्या ‘सीते’त त्याने असा एक विषय हाती घेतला की ज्याला त्या काळी हात घालावयास फारसे कोणी धजत नसे. एक इंग्रज मुलकी अधिकारी एका हिंदू विधवेशी लग्न करतो, असा तो विषय आहे. हा विषय हाती घेतला की त्याच्यामागून दुसरा एक प्रश्न आपोआपच येतो. ज्याच्या अंगात दोन वंशांचे रक्त आहे, त्याने आपणांस कोणाचे म्हणवावे? आणि हे ठरविणारा तो स्वतः की दुसरे कोणी? टेलरने या प्रश्नाचे काय केले, हे पाहावयाचे तर प्रथम त्याच्या सासुरवाडीकडे वळले पाहिजे, कारण हा प्रश्न त्याने पुस्तकांत वाचलेला नव्हता, तो त्याच्या घरातच होता.

टेलरची पत्नी मेरी ही हैदराबादचा प्रसिद्ध पेढीवाला विल्यम पामर याची मुलगी. या विल्यमचा पिता जनरल विल्यम पामर हा मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. तो १७९८ पासून १८०१ पर्यंत पुण्यास बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट होता, आणि १८०० साली नाना फडणिसांच्या मृत्यूनंतर मराठी राज्यातले शहाणपण नानांबरोबर गेले, अशा अर्थाचे जे उद्गार आपल्या इतिहासांतून वारंवार येतात ते त्याचेच. त्याची सहधर्मचारिणी फैज बक्ष बेगम ही लखनौच्या वर्तुळातली मुसलमान कुलस्त्री. या कुटुंबाचे १७८५ च्या सुमाराचे एक मोठे तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते पुष्कळ काळ झोफनी या चित्रकाराचे म्हणून मानले जात असे. चित्र अपुरेच राहिले आहे. त्यात लाल लष्करी अंगरख्यातला जनरल आहे, जमिनीवर बसलेली बेगम आहे आणि भोवती मुले व आप्तस्त्रिया आहेत. त्यांतील पाच वर्षांचा मुलगा म्हणजेच पुढचा पेढीवाला विल्यम. हे चित्र काढून घेताना जनरलास त्यात लपविण्यासारखे काही वाटले नव्हते, एवढे तरी त्यावरून निश्चित दिसते.

मुलगा मोठा झाला तोवर दिवस पालटले होते. कंपनीने १७९१ साली हुकूम काढून ज्यांचे आईबाप दोघेही युरोपीय नाहीत त्यांस आपल्या मुलकी व लष्करी नोकऱ्यांची दारे बंद केली. पुढे १७९५ त त्यांस सैन्यात ढोल, बासरी वाजविणारे अथवा घोड्यांचे नालबंद यांपलीकडे जागा उरू दिली नाही. जेम्स स्किनर हा अशा मनुष्यांत सर्वांत नामांकित. बाप स्कॉच आणि आई राजपूत असलेल्या या तरुणास शिंद्यांच्या फौजेत द बॉयनच्या हाताखाली चाकरी धरावी लागली, आणि १८०३ साली इंग्रज-मराठे युद्ध जुंपले तेव्हा शिंद्यांकडूनही त्याला निघावे लागले. एका बाजूस तो पुरेसा इंग्रज नव्हता, तर दुसऱ्या बाजूस तो फारच इंग्रज ठरला! विल्यम पामरनेही अशीच देशी राज्याची वाट धरली. तो प्रथम निजामाच्या सैन्यात अधिकारी झाला आणि नंतर हैदराबादेस त्याने पेढी काढली.

या पेढीची कथा इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिली आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. आमच्या विषयापुरता तिच्यातला एकच धागा महत्त्वाचा आहे. ब्रिटिश प्रजाजनांनी देशी राजांस परवानगीवाचून कर्ज देऊ नये, असा पार्लमेंटचा कायदा होता. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने १८१६ साली पामर कंपनीस या कायद्यातून सूट दिली, १८२० साली निजाम सरकारास द्यावयाच्या साठ लाखांच्या कर्जासही मान्यता मिळाली. मग मेटकाफ हा रेसिडेंट होऊन आला, त्याने या व्यवहारांवर कडक हल्ला चढविला आणि १८२४ त पेढी बुडाली. मेटकाफचे आक्षेप पोकळ होते असे नाही, व्याज जबर होते आणि निजामाचा मुलूख कर्जाखाली पिचत होता. तरी या प्रकरणात एक विलक्षण गोष्ट दिसते. पामर ‘ब्रिटिश प्रजाजन’ आहे की नाही, हा प्रश्न घरच्या जिव्हाळ्याचा न राहता लाखो रुपयांचा झाला. मनुष्य कोण, हे त्याच्या खातेवहीवरून ठरण्याची पाळी आली. आणि ज्या मेटकाफने ही पेढी मोडली, त्याचे स्वतःचे मुलगेही भारतीय स्त्रीच्याच पोटचे होते, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पेढी बुडाली तरी पामर हैदराबाद सोडून गेला नाही. १८६७ साली अतिवृद्धापकाळी तेथेच त्याचा अंत झाला. त्याने केलेली ही निवडच म्हणावयाची. पण सर्वांच्याच वाट्यास एवढेही आले नाही. त्याच हैदराबादेत रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा बेगम यांची दोन मुले होती. घरी त्यांस साहेब आलम आणि साहेब बेगम म्हणत. १८०५ साली त्या कोवळ्या वयात त्यांची विलायतेस रवानगी झाली, तेथे बाप्तिस्मा होऊन ती विल्यम जॉर्ज आणि कॅथरीन ऑरोरा झाली आणि आईचे दर्शन त्यांस पुन्हा कधीही घडले नाही. तीच मुलगी, किटी किर्कपॅट्रिक, १८४१ च्या सुमारास प्रौढ गृहिणी झालेली असता हैदराबादेतील आपल्या आजीस पत्रे लिहू लागली. छत्तीस वर्षांनंतर! मुलांची ओळख वडिलधाऱ्यांनी एका जहाजाच्या प्रवासात बदलून टाकली, परंतु मनातून ती समूळ पुसली गेली नाही, याला यापरता पुरावा कोणता हवा?

आता ‘सीते’कडे वळू. सीता ही एका श्रीमंत सराफाच्या घरातली, संस्कृत जाणणारी तरुणी. दरोडेखोर अझ्राएल पांडे याच्या टोळीकडून तिच्या पतीचा खून होतो. त्या खटल्यात साक्ष देण्यास ती उभी राहते आणि न्यायासनावर बसलेला सिरिल ब्रॅंडन तिच्या निर्भय बोलण्याने मोहून जातो. पुढे तो तिच्याशी हिंदू विधीने विवाह करतो. टेलरच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे. त्याने नायिकेस रखेलीचे पद दिले नाही, पत्नीचे दिले. तिच्या आज्याला, आत्याला आणि घरच्या पुरोहिताला विदूषक केले नाही. सीतेची बुद्धी तिच्या सौंदर्याच्या पुढे दोन पावले चालते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले. आपल्याकडे विधवेची कहाणी सांगावयास नुकतीच जेथे सुरुवात होत होती, तेथे विधवेस विवाहाचे सुख देणारी आणि तेही वंशाची भिंत ओलांडून देणारी ही कादंबरी धाडसी खरीच.

मात्र हे धाडस एका ठिकाणी येऊन थबकते. बंडाचा वणवा पेटल्यावर ब्रॅंडनवर येणारा घाव सीता स्वतःच्या अंगावर घेते आणि मरते. ब्रॅंडन विलायतेस परततो आणि ग्रेस मोस्टिन या इंग्रज मुलीशी लग्न करतो. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि त्या पाण्याआड कादंबरीकार आपली सुटका करून घेतो. सीता जगली असती तर काय झाले असते? तिला मूल झाले असते. त्या मुलाचे नाव काय ठेविले असते, ते कोणत्या शाळेत गेले असते, कोणत्या दफ्तरात त्याची नोंद झाली असती, इंग्रज छावणीतल्या मेजवानीस त्याला बोलावले असते काय, आणि आजोळच्या पंगतीत त्याचे पान कोठे मांडले असते? या साऱ्या प्रश्नांतून ‘सीता’ ही खरी मोठी कादंबरी होण्याचा संभव होता. टेलरने विवाह लिहिला, वियोग लिहिला, पण या विवाहाचे अपत्य त्याने जन्मासच येऊ दिले नाही.

कोणी म्हणेल, शोकान्त कादंबरीत नायिका मरावयाचीच, त्यात लेखकाचा हेतू कशास शोधावा? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. हाच ग्रंथ विलायतेत बसून केवळ कल्पनेने लिहिणाऱ्या कोणाचा असता तर आम्ही एवढे खोलात गेलो नसतो. परंतु ज्या मुलाची कल्पना टेलरला करवली नाही, ते मूल त्याने प्रत्यक्षात रोज पाहिले होते. त्याचा सासरा असे मूल होता. त्याची पत्नी त्या मुलाची मुलगी होती. त्याच्या स्वतःच्या कन्या त्याच वंशवेलीवरची फुले होती. ज्ञान नव्हते म्हणून लेखणी थांबली असे म्हणण्यास येथे जागाच नाही. ती जिव्हाळ्याच्या भीतीने थांबली, असे आमचे मत आहे. १८७२ च्या इंग्लंडात, बंडानंतरच्या त्या कडवट हवेत, सीतेच्या मरणास अश्रू ढाळणारे वाचक मिळण्यासारखे होते. सीतेच्या मुलास ‘हा आमचाच’ म्हणणारे मिळतील, असा भरवसा त्याला नव्हता.

‘माझ्या आयुष्याची कथा’ हे टेलरचे आत्मचरित्र १८७७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी निघाले. सुरापूरचा कारभार, नळदुर्गची जमाबंदी, रस्ते, तलाव, ठगांचा शोध या सर्वांनी ते भरलेले आहे आणि इथल्या रयतेविषयी त्यात खरी माया आहे. पत्नीच्या वाट्यास मात्र त्यात फार थोडी जागा आली आहे. या ग्रंथाचे संपादन कन्या ॲलिस हिने केले. ॲलिस ही फैज बक्ष बेगमेची पणती! म्हणजे जिच्या मनात हा प्रश्न सर्वांत निकट असावयास हवा, तिच्याच हातून हे पुस्तक जगापुढे गेले, आणि जगाने ते एका इंग्रज अधिकाऱ्याचे चरित्र म्हणूनच वाचले. यात आम्ही तिला दोष देत नाही. बापाचे नाव उज्ज्वल ठेवणे हे मुलीचे कर्तव्य तिने केले. पण लखनौच्या बेगमेपासून लंडनच्या छापखान्यापर्यंत चार पिढ्यांत एक ओळख कशी विरून जाते, हे यात स्वच्छ दिसते. कोणी ती नाकारलेली नाही. तिचा उच्चार करणे तेवढे हळूहळू बंद होते.

निवड निवड म्हणून जी म्हणतात ती बहुधा अशीच घडते. स्वतःच्या रक्ताचे हिस्से मोजून, तागडी लावून कोणी आपले कुळ ठरवीत नाही. नोकरी कोणत्या दाराने मिळते, वारसा कोणाकडून येतो, सरकारी कागदावर कोणता शब्द आहे, यांवरून ते ठरते. १८३० साली जॉन रिकेट्स हा मिश्रवंशीयांचा अर्ज घेऊन पार्लमेंटापुढे गेला, त्यातले गाऱ्हाणे हेच होते की आमच्यासाठी कोणता कायदा, ते तरी सांगा. शंभर वर्षांनी, १९३५ च्या कायद्यात, ‘अँग्लो-इंडियन’ कोणास म्हणावे ते लिहिले गेले आणि आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमातही ती व्याख्या थोड्या फेराने आली. ज्याचा पिता अथवा पितृपरंपरेतला कोणी पुरुष युरोपीय वंशाचा असेल, तो अँग्लो-इंडियन. आई युरोपीय असून बाप मराठी असला तर व्याख्या त्याला ओळखत नाही. लोकसभेतील व विधानसभांतील या समाजाच्या नेमणुकीच्या जागा २०२० साली बंद झाल्या, व्याख्या मात्र घटनेत आहे.

आणि हे वाचून आपण मराठी मंडळींनी इंग्रजांस नावे ठेवावयाची असतील तर प्रथम आपल्या घरच्या वंशावळीचा कागद उलगडून पाहावा. मूळ पुरुषापासून खाली आठ पिढ्या नावेच नावे आहेत, त्यांत आजी, पणजी, खापरपणजी कोठे आहेत? लग्न होताच ज्यांचे माहेरचे नावही आपण बदलून टाकले, त्यांच्या कुळाचा आपल्या रक्तातला अर्धा वाटा आपण कोणत्या खात्यावर जमा केला आहे? पामरांच्या घरात जे घडले ते दोन खंडांमध्ये घडले म्हणून ठळक दिसते, एवढाच फरक. मनुष्यास आपले कुळ निवडण्याचा अधिकार असावा, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दोन्ही बाजूंची नावे जेथे मोकळ्या तोंडाने घेता येतात, तेथेच त्या अधिकारास काही अर्थ राहतो.

टेलरची योग्यता यामुळे कमी होत नाही. परक्या समाजाकडे इतक्या प्रेमाने पाहणारे लेखक त्या शतकात थोडे झाले, आणि ‘सीता’ आजही वाचण्यासारखी आहे. ती वाचताना लंडनच्या त्या अपुऱ्या चित्रातील पाच वर्षांच्या मुलाची आठवण ठेवावी, म्हणजे कादंबरी कोठे संपली आणि कोठे संपावयास हवी होती, हे ज्याचे त्याला कळेल.